गिरण्यांच्या जमिनीचा हिशेब

सप्टेंबर 2023 मध्ये बॉम्बे डाइंग कंपनीने वरळीतली सुमारे 22 एकर जमीन सुमितोमो या जपानी समूहाच्या कंपनीला विकायचं ठरवलं. किंमत सुमारे 5,200 कोटी रुपये. एकरी हिशेब केला तर 236 कोटी, आणि चाळीत राहिलेल्या माणसाला समजेल अशा मापात सांगायचं तर नुसत्या जमिनीचे चौरस फुटाला 54 हजार. त्याआधी 11 वर्षं, जून 2012 मध्ये, म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली होती. घर 225 चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. ज्यांचं नाव लागलं त्यांतल्या कित्येकांना ते साडेसात लाख उभे करायला गावची जमीन विकायचा नाहीतर कर्ज काढायचा विचार करावा लागला.

हे दोन्ही व्यवहार एकाच खातेवहीतले आहेत. मुंबईच्या बंद गिरण्यांची जमीन कुणाला किती मिळावी, या एका प्रश्नाचे ते दोन शेवट.

श्रीमंतांची हाव आणि गरिबांची गरिबी यांच्यात संबंध आहे, असं भाषणात म्हणणं सोपं असतं. टाळ्याही मिळतात. पण तो संबंध नेमका कुठल्या कागदातून, कुठल्या तारखेला, किती एकरांचा, हे दाखवता येईल अशी प्रकरणं थोडी असतात. गिरणगावाचं प्रकरण तसं आहे. इथे नियम छापलेला आहे, तो बदलल्याची अधिसूचना आहे, न्यायालयाचे दोन परस्परविरोधी निकाल आहेत आणि पुढच्या विक्रीच्या किमतीही जाहीर आहेत. म्हणून ते सविस्तर मांडतो.

गिरणी चालू होती तेव्हा

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. पुढे जमिनीचा वाद उभा राहिला तेव्हा एकूण 58 गिरण्या आणि सुमारे 600 एकर जमीन असा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. यातल्या 25 गिरण्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे आलेल्या. बाकीच्या बहुतेक खासगी मालकांच्या.

कामगार बहुतांशी कोकणातला आणि घाटावरचा. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर. साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा, किंवा त्रासनमधला, म्हणजे सूतकताईचा माणूस दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करायचा. एका पगारावर दोन चुली पेटायच्या. श्रीमंती नव्हतीच. पण फंड होता, ग्रॅच्युइटी होती, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं, आणि मुलगा मोठा झाला की त्याला निदान बदली कामगार म्हणून गेटवर उभं करता येईल अशी आशा होती. गरिबी म्हणजे काय हे पगाराच्या आकड्यावरून जितकं कळतं तितकंच अशा गोष्टींवरूनही कळतं, म्हणून त्या आधी सांगितल्या.

खानावळी चालवणाऱ्या बायकांचा उल्लेख सहसा राहून जातो. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं, ही तिथली पहिली गरज होती. गिरणीच्या मस्टरवर या बायकांचं नाव कधीच नव्हतं. त्यामुळे पुढे नुकसानभरपाईच्या कुठल्याच यादीत त्या आल्या नाहीत.

संप, आणि संपाच्या आडून

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ठिणगी बोनसची होती, पण खालचा राग जुना होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांना ती आपली वाटत नव्हती आणि बदलताही येत नव्हती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. लाखावर माणसं कायमची बाहेर राहिली.

संपाने गिरण्या मारल्या, हे वाक्य मुंबईत इतक्यांदा बोललं गेलं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. माझ्या मते ते अर्धं खरं आहे. गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, आधुनिकीकरणावर मालकांनी कित्येक वर्षं फारसा पैसा घातला नव्हता, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग त्यांच्यापेक्षा स्वस्तात कापड काढत होते. संपाच्या काळात कित्येक गिरण्यांनी यंत्रमागांवर माल करून घेतला आणि त्यावर आपला छाप मारला. बाजारात कापड कमी पडलं नाही. संप सुरू असतानाही आपलं फार बिघडत नाही, हे मालकांना तेव्हा कळलं. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली असणार, की सुतापेक्षा पायाखालची जमीन जास्त देते.

यंत्रमागावरचा कामगार कोण होता, हे पाहिलं तर गरिबी एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी सरकते ते दिसतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, नगावर मजुरी, फंड नाही, रजा नाही. गिरणीतला माणूस काम गमावून गरीब झाला आणि त्याचं काम ज्याला मिळालं तोही गरीबच राहिला. मधली बचत कुणाच्या खिशात गेली, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात विचारतात. गिरणगावात तो चहाच्या टपरीवर विचारला जायचा.

1983 मध्ये सरकारने 13 आजारी, म्हणजे तोट्यात बुडालेल्या गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, 1995 मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. खासगी गिरण्या एकामागून एक ‘आजारी’ ठरत गेल्या. आजारी उद्योगांच्या कायद्याखाली पुनरुज्जीवनाची योजना मांडता येई आणि त्या योजनेत ‘अतिरिक्त’ जमीन विकून पैसा उभा करायची तरतूद असे. हेतू वाईट नव्हता. पण ज्या कंपनीची जमीन तिच्या धंद्याच्या कित्येक पट मोलाची आहे, तिला बरं होण्यात काय रस असणार? आजारपण जितकं लांबेल तितकी जमीन मोकळी होत होती.

बंद गिरण्यांच्या कामगारांनी 2 ऑक्टोबर 1989 ला उपोषण सुरू केलं. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर त्यात पुढे होते. बंद गिरणी कामगार संघर्ष समिती तिथून उभी राहिली. त्यांची पहिली मागणी साधी होती: गिरण्या चालू करा. पुढे ती ‘देणी द्या’ झाली आणि मग ‘घर द्या’. मागण्या कशा आक्रसत गेल्या, तेवढ्यावरूनही हा इतिहास कळतो.

नियम क्रमांक 58

इथून प्रकरणाचा गाभा सुरू होतो. 1991 मध्ये मुंबईची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला 58 क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनीसाठी होता. त्याचा सारांश लोकांनी ‘एक तृतीयांश’ असा लक्षात ठेवला: एक भाग महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी, एक भाग मालकाला. प्रत्यक्षात जमिनीच्या आकारानुसार टक्केवारी बदलत होती. पाच हेक्टरपर्यंतच्या जागेत पालिकेला 33, म्हाडाला 27 आणि मालकाला 40 टक्के; जमीन मोठी असेल तर मालकाचा हिस्सा 30 टक्क्यांपर्यंत खाली.

यामागची समजूत सरळ होती. शहराने दीडशे वर्षं या जमिनीला रस्ते, पाणी, रेल्वे दिली. कामगारांनी ती जागा राबती ठेवली. तिचं मोल वाढलं ते मालकाने काही केल्यामुळे नव्हे, तिच्याभोवती मुंबई वाढल्यामुळे. तेव्हा वापर बदलायचा असेल तर वाढीव मोलातला वाटा शहराला आणि कामगाराला द्या. मला हा नियम आजही मुंबईच्या नगररचनेतला सर्वांत शहाणा नियम वाटतो.

मालक पुढे आले नाहीत. दोन तृतीयांश सोडायचं तर विकासच नको, असा त्यांचा पवित्रा राहिला. दुरुस्ती, आधुनिकीकरण, कार्यालयं, कामगारांच्या सोयी अशा नावांखाली मात्र आवारात नवीच कामं सुरू झाली. फिनिक्स मिलच्या आवारात 1990 च्या दशकाच्या अखेरीस बोलिंग अ‍ॅली उघडली आणि कागदोपत्री ती कामगारांच्या करमणुकीची सोय दाखवली होती, हा किस्सा गिरणगावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. साचेखात्यातल्या माणसाने तिथे जाऊन काय करायचं होतं, कोण जाणे.

1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांनी मुख्यतः एनटीसीच्या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. एकेका गिरणीचा तुकडा सुटा न पाहता सगळे मिळून पाहा, सलग मोकळ्या जागा काढा, स्टेशनांच्या आसपास चालणाऱ्यांना वाव द्या, असं त्याचं सांगणं होतं. तो अहवाल कपाटात गेला.

20 मार्च 2001 रोजी नियम 58 बदलला. टक्केवारी जवळपास तशीच राहिली, पण ती ज्या आकड्याला लावायची तो आकडा बदलला. आधी वाटणी गिरणीच्या पूर्ण जमिनीची होती. आता ती फक्त मोकळ्या जागेची, म्हणजे ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याचीच. शेड पाडल्यावर रिकामी होणारी जागा त्यात धरायची नाही, असा खुलासाही सरकारने 2003 मध्ये केला.

गिरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. गिरणी म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी छपरं असलेल्या बैठ्या, पसरट शेड. बहुतेक आवार बांधकामाखालीच असतं. समजा, 10 एकरांची गिरणी आहे आणि 8 एकरांवर शेड आहेत. जुन्या नियमाने पालिकेला 3.3 एकर, म्हाडाला 2.7 आणि मालकाला 4 एकर. नव्या नियमाने उरलेल्या 2 एकरांचीच वाटणी: पालिकेला 0.66, म्हाडाला 0.54 आणि मालकाला 0.8. शिवाय शेडखालचे 8 एकर मालकाचेच. म्हणजे 4 एकरांचे 8.8 एकर झाले. त्यासाठी मालकाला कुणाची फसवणूक करावी लागली नाही, कुणाला धमकवावं लागलं नाही, कर चुकवावा लागला नाही.

हाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिजोरीवर बसलेला शेठ येतो. इथे ती एका अधिसूचनेच्या परिच्छेदात बसली होती, सरकारी सहीशिक्क्यासह. हा बदल त्या वेळी फार थोड्यांनी वाचला. कामगार संघटनांनाही त्याचा पूर्ण अर्थ कळायला वेळ लागला, कारण वरवर पाहता ‘एक तृतीयांश’ कायमच होतं.

दोन निकाल

2005 मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या पर्यावरणवादी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. 17 ऑक्टोबर 2005 रोजी न्यायालयाने याचिकेच्या बाजूने निकाल दिला: मोकळी जागा म्हणजे शेड पाडल्यानंतर मोकळी होणारी जागासुद्धा. गिरणगावात त्या आठवड्यात पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही.

मालक आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 7 मार्च 2006 रोजी तो निकाल फिरला. 2001 चा नियम वैध ठरला आणि ‘मोकळी’चा अर्थ सरकारने सांगितला तोच राहिला. खटल्याच्या नावात पहिलं नाव बॉम्बे डाइंगचं आहे.

मालकांची आणि सरकारची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. जुन्या नियमाने दहा वर्षांत जमीन जवळजवळ मिळालीच नव्हती. कागदावरच्या दोनशे एकरांपेक्षा हातात पडणारे थोडे एकर बरे, असा सरकारचा युक्तिवाद होता. गिरण्यांवर बँकांचं कर्ज होतं, कामगारांची देणी थकलेली होती आणि जमीन विकल्याशिवाय ती फिटणार नव्हती. विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि निवृत्त न्यायाधीशांच्या देखरेख समितीने तो वाटायचा, अशी तरतूद नियमात होती. तिच्यामुळे हजारो कामगारांना अडकलेली देणी मिळाली, हे कबूल करायला हवं.

तरीही या युक्तिवादात एक मेख आहे. मालक पुढे येत नव्हते म्हणून नियम सैल केला, असं सांगायचं. पण मालक पुढे येत नव्हते ते नियम सैल होईल या भरवशावर. ज्याच्याकडे दहा वर्षं थांबायची ऐपत आहे त्याला थांबण्याचं बक्षीस मिळालं. कामगाराला थांबता येत नव्हतं. त्याने लाख-दोन लाखांच्या स्वेच्छानिवृत्तीवर सही केली, कारण मुलीचं लग्न होतं किंवा वाण्याची उधारी होती. सौदा दोघांत झाला, पण एकाच्या मागे भूक उभी होती. श्रीमंती आणि गरिबी यांच्यातला संबंध मला कुठे दिसतो असं विचाराल तर इथेच, थांबण्याच्या ताकदीत.

किमती

2005 मध्येच एनटीसीने मुंबईतल्या पाच गिरण्यांची जमीन लिलावात काढली. ज्युपिटर मिल 276 कोटींना गेली, कोहिनूर मिल क्र. 3 ही 421 कोटींना, आणि मुंबई टेक्स्टाइल मिलची 17 एकर जमीन डीएलएफ या बिल्डर कंपनीने 702 कोटींना घेतली. बाकीच्या दोन अपोलो आणि एल्फिन्स्टन. सगळ्या मिळून दोन हजार कोटींच्या आसपास रक्कम झाली. विक्रेती सरकारी कंपनी होती आणि पैसा कामगारांची देणी आणि इतर गिरण्या यांच्यासाठी वापरायचा होता, त्यामुळे इथे सगळा दोष खासगी मालकांवर टाकता येत नाही.

पण त्या 17 एकरांचं पुढे काय झालं पाहा. 2012 मध्ये डीएलएफने ती जमीन लोढा समूहाला सुमारे 2,700 कोटींना विकली. सात वर्षांत एकरी 41 कोटींचे जवळपास 160 कोटी झाले, तेही तिथे राहायला माणूस यायच्या आत. मधल्या सुमारे 2,000 कोटींच्या वाढीसाठी कुणी सूत कातलं नव्हतं. जुनी वाटणी लागू असती तर त्यातला मोठा भाग बागेच्या आणि घरांच्या रूपाने शहरात राहिला असता. बिल्डरने कायद्याबाहेर काही केलं, असं माझं म्हणणं नाही. कायद्याच्या आत राहून एवढं मिळत असेल तर बाहेर जाईल कशाला?

श्रीनिवास मिलच्या जागेवर लोढांचे उंच मनोरे आहेत, वरळीच्या श्रीराम मिलच्या जागेवर पॅलेस रॉयल. फिनिक्सचा मॉल सगळ्यांना माहीत आहे. दादरच्या इंदू मिल क्र. 6 ची जागा डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी दिली गेली, हा या यादीतला वेगळा अपवाद.

या सगळ्याचा भार ज्या रस्त्यांवर आणि पुलांवर पडला ते गिरणीच्या काळातलेच होते. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, ऐन कामावर जायच्या वेळी, पावसात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. त्याच वर्षी 28 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 गेले. पहिल्या घटनेचं थेट कारण रेल्वेचं, दुसऱ्याचं अग्निसुरक्षेचं. नियम 58 ला त्यासाठी फासावर चढवता येणार नाही. पण गिरण्यांच्या जागी हजारो लोकांची कार्यालयं आली आणि त्यांच्यासाठी रस्ता, चौक, मैदान यांना जागाच सोडली नाही, ही निवड होती. पुलावर मेलेली माणसं तिथल्या कार्यालयांत नोकरीला जाणारी साधी मुंबईकर होती. जमिनीच्या वाटणीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कामगाराकडे काय आलं

घरांचा हिशेब स्पष्ट आहे. 2012 मध्ये 6,925. 2016 मध्ये 2,634 आणि त्याच वर्षी पनवेलजवळ कोन इथली 2,417. 2020 मध्ये बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची 3,894. एकूण 15,870. अर्ज सुमारे 1 लाख 74 हजार. म्हणजे अकरांत एकाला घर. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीतही संक्रमण शिबिरांसाठी, म्हणजे तात्पुरत्या निवासासाठी हिस्सा होता, त्यामुळे कामगारांसाठी आणखी कमी उरली.

अर्जदारांत आता मूळ कामगार कमी आणि वारस जास्त. ज्याने 1982 मध्ये वयाच्या तिशीत संप केला तो आज सत्तरीच्या पुढे असेल, असेल तर. दत्ता इस्वलकर 2021 मध्ये गेले. डॉ. सामंतांची हत्या तर 1997 मध्येच झाली होती.

जे बाहेर पडले त्यांचं काय झालं? कुणी गावी परतला आणि भाताच्या दोन वाफ्यांवर कुटुंब चालेना म्हणून पुन्हा मुंबईत आला. कुणी भाजीची गाडी लावली. पुष्कळ जण वॉचमन झाले, काही तर त्याच आवारांतल्या नव्या इमारतींच्या गेटवर. बायकांनी पोळ्या लाटायची, धुणीभांड्याची कामं धरली. घर त्यांनीच चालवलं. एक मोठा भाग लालबाग-परळमधून विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकला. चाळीतली खोली विकून मोठं घर घेतलं, असं हे वरून दिसतं. गिरणगावात पायी जाऊन मिळणारं काम, महापालिकेची शाळा, केईएम रुग्णालय आणि उधार देणारा वाणी या सगळ्यांच्या बदल्यात ते घर आलेलं असतं.

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी इथे 81 हजार घरांची योजना पुढे आली. बदलापूरच्याही पुढे, नेरळच्या अलीकडे. कामगार संघटनांनी जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर मोर्चा आणला: घर मुंबईत हवं. काही जणांना ही मागणी अव्वाच्या सव्वा वाटते. एवढ्या महाग जागेत फुकटासारखी घरं कशी देणार, असं ते विचारतात. जागा महाग कधी झाली, आणि तिच्यातला एक तृतीयांश कुणासाठी राखला होता, हे आधी विचारलं तर प्रश्न जरा वेगळा दिसतो.

कमी माहीत असलेलं एक प्रकरण इथे सांगतो. सेंच्युरी मिलला लोअर परळमध्ये पालिकेने 1927 पासून 28 वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन दिली होती, ‘गरीब वर्गाच्या निवासा’साठी. तिच्यावर कामगारांसाठी 476 खोल्या बांधल्या. मुदत 1955 मध्ये संपली. कित्येक दशकांनी कंपनीने त्या जमिनीची मालकीच आपल्या नावे करून मागितली आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. 7 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. गरिबांसाठी म्हणून नाममात्र भाड्याने घेतलेली जमीन शंभर वर्षांनी आपलीच म्हणून मागायला संकोच वाटू नये, याचं मला फार नवल वाटत नाही. ती वेळेवर परत मागायची पालिकेला इतकी वर्षं आठवण झाली नाही, याचं वाटतं.

आता उरली आहे ती एनटीसीची जमीन. टाटा मिल, पोदार, दिग्विजय आणि इंदू मिल क्र. 5 या चालू गिरण्या मार्च 2020 च्या टाळेबंदीत बंद झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या नाहीत. एनटीसीच्या आवारांत 11 जुन्या चाळी आहेत, त्यांत कामगारांची कुटुंबं राहतात आणि पुनर्विकासाची वाट पाहतात. मालक सरकार आहे, नियम सरकारचा आहे, आणि या वेळी कुणा खासगी मालकाला पुढे यायची विनंती करावी लागणार नाही. वाटणी पूर्ण जमिनीची करायची की मोकळ्या तुकड्यांची, हे दिल्ली आणि मंत्रालय यांच्यातल्या एका बैठकीत ठरू शकतं. शेड अजून पाडलेले नाहीत.